इलेक्टिव्हसाठी इमर्जन्सी मेडिसिनमधील क्रिटिकल केअर घ्यावे का?

प्रश्न
मी नाशिकमध्ये एमबीबीएस करतो आहे. तृतीय वर्ष भाग एकच्या परीक्षेनंतर येणाऱ्या इलेक्टिव्हच्या (विद्यार्थ्याने स्वतः निवडायच्या विषयाच्या) क्लिनिकल टप्प्यासाठी इमर्जन्सी मेडिसिनमधील क्रिटिकल केअर निवडावे असे मनात आहे. वर्गमित्रांच्या मते तिथे विद्यार्थ्याला कोपऱ्यात उभे राहावे लागते, इन्ट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे) किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी टाकणे) हाती लागत नाही आणि कॅज्युअल्टी (तातडीच्या रुग्णांचा विभाग) इंटर्नशिपमध्ये करावीच लागते. त्यापेक्षा हलका विभाग घेऊन नीट-पीजीचा (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करावा, असे ते म्हणतात. अनुभवी मंडळींनी कृपया मत द्यावे.

उत्तर (इमर्जन्सी मेडिसिन, वरिष्ठ निवासी डॉक्टर)
इन्ट्युबेशनची संख्या वाढवण्यासाठी येणार असाल तर येऊ नका. प्रकृती ढासळत असलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग कोणी विद्यार्थ्याच्या हाती देणार नाही, आणि देऊही नये. इथे शिकायचे असते ते एकाच रुग्णाकडे पुन्हा पुन्हा पाहणे.

आपल्या शेतीप्रधान जिल्ह्यात नेहमीचे उदाहरण म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा. त्यावरील उतारा असलेल्या ॲट्रोपिनचा पहिला डोस परिणामकारक ठरला नाही तर दर पाच मिनिटांनी तो दुप्पट करतात, आणि छातीतील स्राव कमी होऊन श्वासाचा आवाज स्वच्छ झाला, नाडी व रक्तदाब सावरले, की थांबतात. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या का, एवढेच पाहून निर्णय घेणारा फसतो. त्यानंतर ठरावीक दराने शिरेतून ॲट्रोपिनचे इन्फ्युजन चालू राहते आणि रुग्ण आयसीयूत जातो. बहुतेक विद्यार्थी इथेच त्याला सोडून देतात. तुम्ही त्याच्यामागे जा. साधारण 24 ते 96 तासांत, वरवर सुधारलेल्या रुग्णाला उशीवरून डोके उचलता येईनासे झाले तर तो इंटरमीजिएट सिंड्रोम (विषबाधेनंतर उशिरा येणारा स्नायूंचा अशक्तपणा) असू शकतो आणि श्वसनाचे स्नायूही दुबळे पडू शकतात. डोके उचलायला सांगण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, फक्त कोणीतरी वेळेवर खाटेपाशी असावे लागते.

असे रुग्ण अनेकदा एमएलसी (पोलिसांना कळवावे लागणारे मेडिको-लीगल प्रकरण) असतात आणि नातेवाईक प्रचंड दडपणाखाली असतात. त्यांच्याशी वरिष्ठ कसे बोलतात तेही ऐका. रुग्णाचा फोटो किंवा केसपेपर व्हॉट्सॲपवर टाकू नका, हे वेगळे सांगायला लागू नये, पण लागते.

उत्तर (इंटर्न)
इंटर्नशिपमध्येही मिळेल, हा तर्क मला पटत नाही. तिथले कॅज्युअल्टीचे दोन आठवडे नमुने पाठवणे, रिपोर्ट आणणे आणि नोंदी लिहिणे यांतच निघून जातात; विचारायला वेळ नसतो. लॉगबुक मात्र रोजच्या रोज भरून सही घ्या, कारण इलेक्टिव्हची हजेरी आणि लॉगबुक विद्यापीठ परीक्षेच्या पात्रतेसाठी लागतात.

उत्तर (अतिदक्षता विभागातील चिकित्सक)
वरील निवासी डॉक्टरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण हाताचे काम त्यांनी जरा जास्तच बाजूला ठेवले. बॅग-मास्क व्हेंटिलेशन (मास्क लावून हाताने पिशवी दाबत श्वास देणे) आणि हृदय थांबल्यावर द्यायचे छातीवरील दाब विद्यार्थ्याने शिकलेच पाहिजेत: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंमी, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलणे. त्र्यंबक किंवा सुरगाण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली तर व्हेंटिलेटर नसेल, बॅग-मास्क असेल.

येण्यापूर्वी एक गणितही करून या. एआरडीएसच्या (फुप्फुसांना तीव्र इजा होऊन ऑक्सिजन कमी पडणाऱ्या) रुग्णाला टायडल व्हॉल्यूम, म्हणजे व्हेंटिलेटरच्या एका श्वासातील हवा, किलोमागे 6 मिली देतात, मात्र ते किलो काट्यावरचे नसून उंचीवरून काढलेले असतात. स्त्रीसाठी सूत्र 45.5 + 0.91 × (उंची सेंमी − 152.4) असे आहे, म्हणजे 160 सेंमी उंचीच्या बाईंचे वजन 90 किलो असले तरी हिशेब सुमारे 52 किलोचा, आणि व्हॉल्यूम साधारण 315 मिली. पहिल्याच राउंडला व्हेंटिलेटरवरचा आकडा पाहून तो या हिशेबाशी जुळतो का, हे विचारा.