सोसायटीचं लॉन काढून आपल्याकडची गवतं-रानफुलं लावायची आहेत. कुणी केलंय का?

मुलुंडकर
आमच्या दोन विंगांच्या मधे 3000 चौरस फुटांचं लॉन आहे. बिल्डरने लावलेलं मेक्सिकन गवत. मार्च उजाडला की टँकर सुरू आणि तरी मे महिन्यात पिवळं पडतं ते पडतंच.

लेक शिकागोजवळ राहते. तिने दारातलं लॉन काढून तिथली मूळची प्रेअरीची, म्हणजे गवताळ माळरानाची झाडं लावली आहेत. गेल्या जुलैत महिनाभर तिच्याकडे होते, रोज सकाळी चहा घेऊन पायरीवर बसायचे. जांभळ्या कोनफ्लॉवरवर इतक्या मधमाश्या की नुसता गुंजारव. परत आल्यावर आमच्या लॉनकडे बघितलं, एक फुलपाखरू नाही. फार वाईट वाटलं.

कमिटीने वॉचमनच्या केबिनमागचा चतकोर तुकडा करून बघायला दिलाय. लेक म्हणते बिया पाठवते. काय लावू, कधी लावू? आणि साप-डासांचं लोकांना काय सांगू?

बोरिवली_पश्चिम
ताई, बिया मागवू नका. बियाणं बाहेरून आणायला परवाना लागतो, रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच बियांना रुजण्याआधी कडाक्याची थंडी लागते, ती मुलुंडला कुठून आणणार? लेकीकडून कल्पना घ्या, झाडं इथली घ्या.

आमच्याकडे हे चौथं वर्ष. आधी खणून बघा. आमच्याकडे वीतभर लाल माती आणि खाली सगळं डेब्रिज निघालं, फरशीचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे. मी घाबरून त्यावर दोन टेम्पो शेणखत ओतलं आणि तिथेच चुकलो. पावसात टाकळा खांद्याएवढा झाला, बाकी सगळं त्याखाली गुदमरलं. रानातल्या झाडांना हलकी जमीन चालते, खताचे लाड नकोत.

दुसरी चूक जास्त महागात पडली. नर्सरीवाल्याने 'पिवळ्या फुलांचं, जमीन झाकणारं' म्हणून सिंगापूर डेझी दिली. ती आपल्याकडची नाही आणि एकदा पसरली की कुणाला जगू देत नाही. कांडं कांडं मुळं धरतं, एक तुकडा राहिला तरी परत येते. दोन पावसाळे उपटत होतो.

लॉन मारायला एप्रिल-मेमध्ये पाणी बंद करा, वर काळं प्लास्टिक अंथरून कडेने विटा ठेवा. पाऊस लागला, माती आतपर्यंत भिजली की लावणी. मारवेल गवताचे ठोंब लावा, चाऱ्यासाठी लोक लावतात ते. कुसळी वाटेच्या कडेला नको, कुसळं सॉक्समध्ये घुसतात. मधे मधे तेरडा, कुर्डू. मागे अडुळसा, निरगुडी, कढीपत्ता, एक लिंबू. कोरड्या कोपऱ्यात रुई, तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उपटून आणायचं नाही.

कढीपत्त्याची कोवळी पानं उलटून बघत जा. ज्वारीच्या दाण्याहून लहान, फिक्या पिवळ्या मण्यासारखी फुलपाखराची अंडी दिसतील. अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते, मोठी झाली की हिरवीगार. आमच्या माळीदादांनी पहिल्या वर्षी कीड समजून फवारणी केली, सगळ्या गेल्या. मला तो दिवस अजून आठवतो. माळीदादांना आधीच सांगून ठेवा.

चेंबूर_नाका
कमिटीसाठी हिशेब देतो. 3000 चौरस फूट म्हणजे साधारण 280 चौरस मीटर. रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तर 1400 लिटर, म्हणजे आठवड्याला जवळजवळ 10,000 लिटरचा एक टँकर. हे एजीएममध्ये बोला, फुलपाखरं नंतर.

आणि चारी बाजूंनी दोन फुटांची पट्टी कापलेली ठेवा. नाहीतर लोक म्हणतात, रान माजलंय.

ठाणे_खाडी
डासांची अंडी गवतात नसतात, साचलेल्या पाण्यात असतात. कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरची ताडपत्री, जुने टायर दर आठवड्याला रिकामे करा. साप उंदरांमागे येतो, त्यामुळे कचऱ्याचे डबे झाकलेले हवेत. मुलं खेळतात त्या बाजूला कळलावी लावू नका. फूल सुंदर, पण कंद विषारी.

एक राहिलं. दिवाळीत गवत वाळायला लागलेलं असतं आणि रॉकेट कुठेही पडतं. केबिनच्या बाजूचं गवत आधीच कापून घ्या. बाकीचं गवत बी झडल्यावर कापा.

बोरिवली_पश्चिम
हे बरं आठवलंत. आणि ताई, धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकदा बघून या. एकेकाळचं डम्पिंग ग्राउंड आहे ते. तिथली झाडी बघितल्यावर मला डेब्रिजची भीती वाटेनाशी झाली. पहिल्या पावसात फार काही दिसणार नाही, कमिटीला तीन वर्षं मागून घ्या.

मुलुंडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला बियांचं नको म्हणून कळवलं. टँकरचा हिशेब सेक्रेटरींना दाखवला, त्यांनी कागद ठेवून घेतला. केबिनच्या भिंतीलगत कढीपत्ता आधीपासून आहे, आज पानं उलटून बघितली. एका पानावर तसलीच एक अळी बसली होती, काळपट, मधे पांढरा डाग. उद्या माळीदादा आले की आधी ती दाखवते, मग टिकाव मारून बघते खाली काय आहे ते.