युद्धात विषारी झालेली माती साफ कशी करतात? मदत हवी आहे
युद्धाने जमिनीचं काय होतं यावर लेख लिहितेय. डायॉक्सिन या विषाचं कळलं, व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने 1961 ते 1971 तणनाशकं फवारली, त्यातल्या एजंट ऑरेंजमध्ये ते होतं, नंतर दा नांग विमानतळावरची माती खणून बंद ढिगात 300 अंशांच्या वर तापवली तेव्हा कुठे विष गेलं. अडलंय ते शिसं, आर्सेनिकपाशी, ते काही तापवून नष्ट होत नाही. फ्रान्समध्ये व्हर्दनजवळ पहिल्या महायुद्धातले विषारी वायूचे तोफगोळे जाळले तिथे इतक्या वर्षांनीही धड गवत उगवत नाही! माती उचलून दुसरीकडे टाकणं मला पटत नाही, विष फक्त जागा बदलतं. झाडं धातू शोषतात हे वाचलंय पण सगळे कुंडीतले प्रयोग. बॉम्ब काढायचं नकोय, फक्त मातीचं सांगा. खऱ्या रणभूमीवर झाडं लावून जमीन परत पिकाखाली आल्याचं उदाहरण कुणाला माहितीये का, आणि किती वर्षं लागली?