मदत हवी आहे: पेल समीकरणात न = २७७ ला क्ष ऋण येतो, तरी तपासणीत १ च मिळतो

संत्रानगरी_कोडर (नागपूर)

नमस्कार मंडळी. इथे नागपूरला कॉलेजच्या मुलांसाठी प्रोग्रामिंग स्पर्धा आहे, तिच्यासाठी एक प्रश्न आणि त्याचा चेकर (मुलांची उत्तरं तपासणारा प्रोग्राम) लिहितो आहे. पूर्ण वर्ग नसलेला न दिला की क्ष² − न·य² = १ या पेल समीकरणाची धन पूर्णांकांतली सगळ्यांत लहान जोडी काढायची. न जास्तीत जास्त १०००.

भाषा जावा, सगळे चल लाँग (६४ बिटी पूर्णांक). पद्धत नेहमीची: √न चं कंटिन्यूड फ्रॅक्शन (अपूर्णांकात अपूर्णांक अशी मांडणी). म = ०, ह = १, अ = √न चा पूर्णांक भाग (याला अ₀ म्हणू). मग दर फेरीला

म = ह·अ − म
ह = (न − म²) / ह
अ = (अ₀ + म) / ह, खालचा पूर्णांक

आणि कन्व्हर्जंट (√न च्या जवळ जाणारे क्ष/य हे अपूर्णांक): नवा क्ष = अ·(आधीचा क्ष) + (त्याआधीचा क्ष), य तसाच. क्ष² − न·य² चं उत्तर १ आलं की थांबायचं.

न = २७६ पर्यंत सगळं बरोबर. २७७ ला मात्र हे येऊन राहिलं आहे:

क्ष = −६८७०६२२८६४४०५४८८६९५
य = −८८८४३४२८९९८३१५२४५९६

ओव्हरफ्लो (संख्या चलात न मावणं) असणार असं वाटतं. पण मग हीच जोडी समीकरणात घातली की प्रोग्राम नेमका १ कसा दाखवतो? वर्गच करायचा आहे, तर चिन्ह काढून टाकलं तर चालेल का?

कुट्टक

चालणार नाही. ओव्हरफ्लोच आहे. प्रोग्राम बाजूला ठेवा आणि फक्त शेवटचा अंक बघा. क्ष च्या शेवटी ५, म्हणून क्ष² च्या शेवटी ५. य च्या शेवटी ६, य² च्या शेवटीही ६, २७७ ने गुणल्यावर शेवटी २. वजाबाकीच्या शेवटी ३ किंवा ७ येईल, १ कधीच नाही. खरं उत्तर हे आहे:

क्ष = १५९१५००७३७९८९८०४७५८४९
य = ९५६२४०११७३८७८०२७०२०

लाँगची वरची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. दोन्ही संख्या तिच्या बाहेर आहेत. २७७ च्या आधी सगळ्यांत मोठा क्ष १८१ ला येतो, २४६९६४५४२३८२४१८५८०१, आणि तो आत बसतो. म्हणून २७६ पर्यंत काही दिसलं नाही.

आता १ का आला. जावात लाँगची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार हे २ च्या ६४ व्या घाताने भागून उरलेल्या बाकीचं गणित असतं. तुमच्या कन्व्हर्जंटच्या सूत्रात बेरीज आणि गुणाकार एवढंच आहे, त्यामुळे आलेला क्ष म्हणजे खऱ्या क्ष ची बाकी, य चंही तसंच. खऱ्या जोडीला क्ष² − न·य² = १, तर बाक्यांनाही त्या बाकीच्या गणितात १ च येणार. मधल्या प्रत्येक कन्व्हर्जंटला ही वजाबाकी २√न पेक्षा लहान असते, म्हणून तीही बरोबर दिसते आणि लूपही योग्य फेरीलाच थांबतो. खोट्या काट्यावर माल तोलायचा आणि त्याच काट्यावर पडताळा घ्यायचा, तसं झालं हे. प्रोग्रामचे चल जेवढ्या बिटांचे, तेवढ्याच बिटांत केलेली तपासणी इथे काहीही सांगत नाही.

चेकरवाला

कुट्टक यांनी कारण नेमकं दिलं आहे. चेकरसाठी पुढचं:

मुलाचं उत्तर स्ट्रिंग म्हणून वाचा, त्यापासून बिगइंटिजर (जावाचा हवा तेवढा मोठा पूर्णांक) बनवा आणि मगच वर्ग करा. आधी लाँगमध्ये वाचलं तर नुकसान तिथेच झालं. कोणी सी++ चा १२८ बिटी पूर्णांक सुचवेल, त्याने भागणार नाही. १००० पर्यंत सगळ्यांत मोठं उत्तर ६६१ ला येतं, क्ष ३८ अंकी. तो १२८ बिटांत मावतो, त्याचा वर्ग मावत नाही, म्हणजे तीच फसगत एक पायरी वर.

दुसरं, समीकरण जुळलं म्हणजे जोडी सगळ्यांत लहान आहे असं नाही. न = २ ला (३, २) सोडून (१७, १२) दिली तरी १ च येतो. म्हणून न = ६० पर्यंत य = १ पासून एकेक करून बघणारा अगदी साधा प्रोग्राम वेगळा लिहा आणि ५३ च्या ५३ उत्तरं ताडा. तिथे सगळ्यांत मोठा य ९१०० आहे (न = ५३, क्ष = ६६२४९), क्षणात होतं. ६१ ला हा मार्ग सोडा, तिथे य एकदम २२६१५३९८० वर जातो. हे ६१ चं उदाहरण भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडवलं होतं, आणि क्ष = १७६६३१९०४९ हे त्यांचं उत्तर आजही पहिली टेस्ट म्हणून ठेवण्यासारखं आहे.

मोठ्या न साठी सूत्रातून मिळणारी उत्तरं वापरा (ख २ किंवा जास्त):

न = ख² − १ : (ख, १)
न = ख² + १ : (२ख² + १, २ख)
न = ख² + २ : (ख² + १, ख)
न = ख² − २ : (ख² − १, ख)

न ची मर्यादा पुढे वाढवणार असाल तर पहिली ओळ ख = १० कोटी घेऊन चालवाच. न = ९९९९९९९९९९९९९९९९ डबलमध्ये (दशांश संख्यांचा ६४ बिटी प्रकार, साधारण १६ अंकच अचूक) टाकला की तो १ च्या पुढे सोळा शून्यं असा होतो, मुळाचा पूर्णांक भाग ९९९९९९९९ ऐवजी १०००००००० मिळतो, आणि पहिल्याच फेरीला ह = −१. पूर्णांकातच मूळ काढा: बिगइंटिजरला जावा ९ पासून मुळाचं फंक्शन आहे, पायथॉनच्या मॅथ मोड्यूलमध्ये ३.८ पासून.

संत्रानगरी_कोडर

बिगइंटिजर लावलं, २७७ ला कुट्टक यांनी दिलेलीच जोडी आली. साध्या प्रोग्रामशी ५३ उत्तरंही जुळली. धन्यवाद भाऊ.

आता दुसरा भाग. उजव्या बाजूला १ ऐवजी क द्यायचा विचार आहे, −१ सुद्धा. कन्व्हर्जंट तपासत गेलो तर ३४ ला −१ येतच नाही, लूप संपत नाही. आणि क = ७, न = २ ला पहिलं उत्तरच सापडत नाही.

कुट्टक

३४ ला −१ चं उत्तर नाहीच. बाक्या बघून हे कळणार नाही: (५/३, १/३) आणि (३/५, १/५) या अपूर्णांकी जोड्या समीकरणात बसतात, म्हणून कोणत्याही संख्येने भागून अडचण दिसत नाही. निकाल आवर्तनाच्या (अ च्या किमतींचा जो गट पुन्हापुन्हा येतो, त्याच्या) लांबीवर आहे. अ = २·अ₀ आला की एक आवर्तन पूर्ण. लांबी विषम असेल तरच −१ ला उत्तर. ३४ ची लांबी ४, म्हणून नाही. २७७ ची २१, म्हणून आहे: (८९२०४८४११८, ५३५९७९९४५). त्यापासून (२क्ष² + १, २क्ष·य) काढलं की वरची मोठी जोडी मिळते. ब्रह्मगुप्तांची भावना (दोन उत्तरं जोडून नवं उत्तर काढण्याची रीत) ती हीच, आणि स्वतंत्र टेस्ट म्हणून फार उपयोगी. लूप मात्र दोन आवर्तनांनंतर थांबवाच.

क चं मूल्य, चिन्ह सोडून, √न पेक्षा कमी असेल तरच कन्व्हर्जंटवर भरवसा ठेवा (तेव्हाही सामाईक विभाजक असलेल्या जोड्या वेगळ्या शोधाव्या लागतात). ७ हा √२ च्या बराच पुढे आहे. लहान क साठी सरळ शोध करा: उजवी बाजू १ असतानाची लहान जोडी (त, थ) असेल आणि क धन असेल, तर य ० पासून √(क·(त − १) / २न) पर्यंत फिरवायचा. इथे त = ३, मर्यादा १.८७, म्हणजे य = ० आणि १ एवढंच. य = १ ला क्ष = ३ आणि −३. ऋण क्ष टाकू नका. (−३, १) ला (३, २) शी भावनेने जोडलं की (−५, −३) येतो, म्हणजे (५, ३), आणि (३, १) ला (३, २) शी पुन्हापुन्हा जोडून मिळणाऱ्या साखळीत तो कधीच सापडत नाही. मुलं नेमकी हीच अर्धी उत्तरं गाळतील, तेव्हा न = २, क = ७ ही केस चेकरमध्ये ठेवा.