एलईडी वॉल म्हणजे नेपथ्य काय?

वडगावकर:
परवा आमच्या भागात एक ऐतिहासिक नाटक बघितलं. मागं भलीमोठी एलईडी वॉल, त्यावर किल्ला आणि हलणारे ढग, पुढं महाराज बोलालेत आणि पब्लिक ढग बघालंय. महाराज दमून बुरुजाला टेकायला गेले तर टेकणार कुठं, स्क्रीनला? माझ्या मते हे नेपथ्य नव्हे, भाड्यानं आणलेला टीव्ही आहे.

खानापूरकर:
अहो संगीत नाटकाच्या काळात तरी कोण टेकत होतं? आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० ला शाकुंतल आणलं, त्या सगळ्या जमान्यात राजवाडा, जंगल, रस्ता असे ठरलेले पडदे, बाजूला विंगा, वर झालर. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमात जायच्या आधी नाटकांचे पडदेच रंगवत होते की. एलईडी म्हणजे तोच पडदा, फक्त करंटवर चालणारा.

वडगावकर:
तोच कसा? रंगवलेला पडदा गप्प बसतो हो. आमच्या आजोळी एक जुना पडदा माळ्यावर होता, खालच्या बांबूला गुंडाळलेला, उलगडला की सरसाचा वास आणि घडीच्या जागी रंगाचे पोपडे. त्यावरचं जंगल जवळून बघितलं तर नुसते हिरवे फराटे, पण लांबून झाडं. बाकीचं आपलं डोकं भरून काढतं. एलईडीवर सगळं आयतं.

निपाणीकर:
तुम्ही दोघं पडद्यातच अडकलात. १९३३ ला नाट्यमन्वंतर या नाटक मंडळीनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं तेव्हा पडदे जाऊन खरीखुरी वाटणारी खोली आली, दारं-खिडक्या, फर्निचर, माणसं बसाय-उठायला लागली. आणि १९६२ चं ‘तो मी नव्हेच’ विसरलात? त्यातला रूपं बदलून फसवणारा भामटा लखोबा लोखंडे आमच्या निपाणीचा तंबाखूवाला (बदनामी फुकटात!), त्या नाटकाला फिरता रंगमंच होता. कोर्टातून साक्षीदाराच्या गोष्टीत आणि परत कोर्टात, मध्ये खोळंबा नाही म्हणून लखोबाची रूपं झटाझट अंगावर येतात. मशीनच होतं ते पण, फक्त नाटकाच्या कामाला जुंपलेलं. ढग कुणाच्या कामाचे?

गोकाकवाला:
आमच्याकडं कुलगोडच्या तम्मण्णांचं श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य बघा, कन्नड असलं तरी सगळं कळतंय. सेट नाही काही नाही, रात्र सरते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीतास्वयंवर केलं ते पण कर्नाटकातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक नाटकं करणाऱ्यांचे, खेळ बघूनच. आणि १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात माणसांची रांगच पडदा झाली. मग ना कापड पाहिजे ना टीव्ही.

खानापूरकर:
बोलायला सोपंय. घाशीरामसारखी रांग करायला तालमीला रोज येणारी माणसं लागतात, आमची पोरं कामावरनं सुटून रात्री नऊला येतात, त्यातली दोन झोपतात. लाकडी फ्रेमचा किल्ला केला तर टेम्पो, सुतार, आणि एका रात्रीनंतर ठेवायचा कुठं? वॉलवाला संध्याकाळी लावतो, पहाटे उतरवून नेतो. तुम्ही टेम्पोचं भाडं द्या वडगावकर, मी बुरुज बांधतो.

वडगावकर:
बुरुज राहू दे. किल्ल्याचा एकच फोटो ठेवा, ढग बंद करा, आणि पुढं एक दगड ठेवा टेकायला.

खानापूरकर:
थर्माकोलचा चालेल?

वडगावकर:
महाराज बसल्यावर मोडला नाही म्हणजे झालं.