‘टर्न्ड ऑफ द रोड’ आणि ‘टर्न्ड ऑफ द लाइट’: यातल्या ‘ऑफ’ची जात कोणती?

रानजाई:
दहावीच्या मुलांना शब्दांच्या जाती शिकवते आहे. ‘द कार टर्न्ड ऑफ द रोड’ आणि ‘शी टर्न्ड ऑफ द लाइट’, दोन्हीकडे ‘ऑफ’च्या पुढे नाम आहे. पुढे नाम आलं की प्रिपोझिशन, या नियमाने दोन्ही प्रिपोझिशन ठरतात. उत्तरसूचीत मात्र दुसरा ‘ऑफ’ अॅडव्हर्ब दिलाय. मुलांना स्वतः तपासता येईल अशी खूण सांगा.

शाईदौत:
उत्तरसूची बरोबर आहे. पुढे नाम आहे की नाही यापेक्षा ते नाम कुणाचं, हे बघायचं. पहिल्या वाक्यात ‘द रोड’ हे ‘ऑफ’चं ऑब्जेक्ट, ‘ऑफ द रोड’ हा एक गट. दुसऱ्यात ‘द लाइट’ हे क्रियापदाचं कर्म आहे, ‘ऑफ’शी त्याचा संबंध नाही.

नामाच्या जागी ‘इट’ घालून बघा. ‘शी टर्न्ड इट ऑफ’ बरोबर, ‘शी टर्न्ड ऑफ इट’ चूक. रस्त्याच्या वाक्यात नेमकं उलट: ‘द कार टर्न्ड ऑफ इट’ बरोबर, आणि ‘टर्न्ड इट ऑफ’ केलं तर गाडीनेच काहीतरी बंद केलं असा अर्थ होतो. सर्वनामच घाला, नाम ठेवून तपासू नका. ‘टर्न्ड द लाइट ऑफ’ आणि ‘टर्न्ड ऑफ द लाइट’ दोन्ही चालतात, त्यामुळे नामावर काहीच ठरत नाही.

शंका उरलीच तर मध्ये एखादा अॅडव्हर्ब घाला. ‘टर्न्ड शार्पली ऑफ द रोड’ चालतं, ‘टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट’ चालत नाही.

पाटीपेन्सिल:
वरच्या उत्तराला एक जोड. ‘फ्रेझल व्हर्ब (क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘आफ्टर’सारखा छोटा शब्द यांची जोडी) दिसलं की पुढचा शब्द अॅडव्हर्ब’ असं कृपया शिकवू नका, फार मुलं तिथे चुकतात. ‘लुक आफ्टर द बेबी’ पाठ्यपुस्तकात फ्रेझल व्हर्बच्या यादीत असतं, पण ‘लुक हर आफ्टर’ होत नाही, ‘लुक आफ्टर हर’ हेच होतं. म्हणजे ‘आफ्टर’ प्रिपोझिशन.

पॅसिव्ह करून तपासायचा मोहही टाळा. ‘द लाइट वॉज टर्न्ड ऑफ’ आणि ‘द बेबी वॉज लुक्ड आफ्टर’ दोन्ही होतात, फरक कळत नाही.

‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये दोन्ही जाती एकत्र येतात: ‘फॉरवर्ड’ अॅडव्हर्ब, ‘टू’ प्रिपोझिशन. हे कळलं की ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ ही पत्रलेखनातली नेहमीची चूक थांबते. प्रिपोझिशननंतर क्रियापदाचं ‘आयएनजी’ रूप लागतं, म्हणून ‘टू मीटिंग यू’.

रानजाई:
‘इट’ची युक्ती एकदम पटली. पण पुढे काहीच नसेल तर? ‘द प्लेन टुक ऑफ’ला सरळ अॅडव्हर्ब म्हणू ना?

शाईदौत:
हो. तिथे मराठीचा आधार घेता येईल. ‘टेबलावर ठेव’मधला ‘वर’ नामाला जोडलेला म्हणून शब्दयोगी अव्यय, ‘तो वर गेला’मधला सुटा म्हणून क्रियाविशेषण. मराठीत ही जोडणी लिहिताना दिसते. इंग्रजीत दोन्ही सुटेच लिहितात, म्हणून तपासावं लागतं. नव्या व्याकरणांत या ‘ऑफ’ला पार्टिकल असंही म्हणतात. पर्यायांत पार्टिकल नसेल तर अॅडव्हर्ब निवडायला सांगा.

पाटीपेन्सिल:
फक्त वाक्याच्या शेवटी आहे म्हणून अॅडव्हर्ब समजू नका. ‘व्हॉट आर यू लुकिंग अॅट?’मध्ये ‘अॅट’ शेवटी असला तरी प्रिपोझिशनच, त्याचं ऑब्जेक्ट ‘व्हॉट’ वाक्याच्या सुरुवातीला गेलंय. ‘द चेअर शी सॅट ऑन’मध्येही तेच. अशा वेळी साधं विधान करून बघायचं: ‘शी सॅट ऑन द चेअर’. ऑब्जेक्ट जागेवर आलं की वरची ‘इट’ची तपासणी पुन्हा लावता येते.