मदत हवी: ओलांड्याच्या टोकाचेच डोळे फुटलेत, मधले बसून आहेत

दिंडोरी_बाग: द्राक्षाची नवी बाग. ओलांडा, म्हणजे वेलीचा आडवा हात, तारेवर बांधला. टोकाचे दोन-तीन डोळे (काडीवरचे कोंब) हातभर पळाले, मधले नुसते फुगून तिथेच. दुकानदार म्हणतो टॉनिक सोडा. औषध कोणतं आणि किती, एवढंच सांगा. टोकाची फूट मधल्यांना अडवते तरी कशी? उद्या मजूर येणार आहेत.

कादवाकाठ: जात कोणती? खुंट (ज्यावर कलम केलंय तो मुळाकडचा भाग)? काडी हिरवी की पिकलेली? शेंडा मारला (खुडला) होता का? काहीच लिहिलं नाहीत भाऊ.

निफाडकर: डोळे फोडायचं रसायन, हायड्रोजन सायनामाईड, लावा. आमचे ऑक्टोबर छाटणीला सगळे डोळे एकसारखे फुटतात.

कादवाकाठ: अहो, ते पिकल्या काडीला. हिरव्या फुटीवर लावलं तर पानं जळतील. त्यांना आधी उत्तर देऊ द्या.

दिंडोरी_बाग: जात थॉमसन, खुंट डॉगरिज. काडी हिरवी. शेंडा मारला नाही, तार लवकर भरायची होती.

वनस्पतीवाली: मग कारण तेच. शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक तयार होतं आणि पेशीपेशीतून बुडाकडे सरकतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. पेशीभित्तीत सामू (पीएच) 5.5 च्या आसपास. तिथे ऑक्झिनच्या काही भागावर विद्युतभार नसतो, तो पटलातून आत शिरतो. आत सामू 7 च्या आसपास, तिथे भार येतो आणि ते अडकतं. बाहेर काढतात पिन नावाची प्रथिनं, आणि खोडात ती मुख्यतः पेशीच्या बुडाकडच्या बाजूला असतात. म्हणून वाहतूक एकाच दिशेने. मधल्या डोळ्याला फुटायचं तर स्वतःचं ऑक्झिन खोडात सोडता यायला हवं. खोड वरच्याच ऑक्झिनने भरलेलं असेल तर ते जमत नाही. थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1933 च्या सुमारास बाकल्याचा (एक शेंगवर्गी पीक) शेंडा कापून तिथे ऑक्झिन लावलं, तरी बाजूचे डोळे दबलेलेच राहिले.

काळी_माती: सगळं ऑक्झिनवर ढकलू नका ताई. 2014 मध्ये वाटाण्यावर दाखवलंय, शेंडा छाटल्यावर खालचे डोळे ऑक्झिन घटायच्या आधीच हलतात, साखर पोचते म्हणून. शेंडा साखर ओढून घेतो. नत्र कमी करा, पानं सांभाळा.

वनस्पतीवाली: साखरेचं मान्य. पण शेंडा खुडला की साखरही सुटते आणि ऑक्झिनही घटतं, उपाय कुठे बदलला?

निफाडकर: मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल) किती पीपीएम घेता?

काळी_माती: इथे अजून घडच नाहीत, वेगळा धागा काढा.

कादवाकाठ: दिंडोरी, ओलांडा एका दमात भरायचा नसतो. नऊ-दहा पानं झाली की सात पानांवर शेंडा मारायचा, शेवटच्या बगलफुटीने पुढे न्यायचा, पुन्हा तसंच. उद्या टोकाच्या फुटींचे कोवळे शेंडे खुडा, मोठी पानं काढू नका. टॉनिकचे पैसे वाचवा.

दिंडोरी_बाग: तिन्ही खुडायच्या की शेवटची राखायची?

कादवाकाठ: तिन्ही. पुढे न्यायला फूट त्यांच्यातूनच निघेल. मधले आठवड्याभरात हलले नाहीत तर फोटो टाका, काडी छाटून मागे घ्यावी लागेल.