सर्पगरुडाला तुरा की शेंडी?

शब्दवेडी: जंगलवाटेच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'क्रेस्टेड सर्पंट ईगल'साठी 'तुरेवाला सर्पगरुड' लिहिलं. तपासणाऱ्या काकांनी तुरा खोडून 'शेंडीवाला' केलं. म्हणे तुरा ताठ उभा असतो, कोंबड्याचा असो की उसाचा. मी तर पहिल्यापासून तुरेवालाच ऐकलंय. काय ठेवू?

रानमेवा: काकांचं निम्मं बरोबर. निवांत असला की त्याची काळी-पांढरी पिसं मानेवर चापून बसतात, शेंडीच म्हणा. आंबोलीला ओढ्यावरच्या फांदीवर एक बराच वेळ बघत होतो. डोळ्यापासून चोचीपर्यंत पिवळी कातडी, पाय उघडे, खवल्यांचे. कावळे अंगावर आले तशी ती पिसं पंख्यासारखी फुलली, डोकं दुप्पट दिसायला लागलं. त्याला शेंडी कशी म्हणणार? तुराच तो.

पाटाकडचा: आमच्याकडे गरुड देवळात. रानात दिसते ती घार. आजी वाकड्या चोचीच्या सगळ्यांना घारच म्हणायची. ही पुस्तकी नावं कुणाच्या तोंडी आहेत?

शब्दवेडी: अहो दादा, घारीची शेपटी दुभंगलेली, ती गावावर, उकिरड्यावर घिरट्या घालते. हा दाट झाडीतला, साप-सरडे-बेडूक धरणारा. उडाला की काळ्या शेपटीवर रुंद पांढरा पट्टा दिसतो. दोघांना एकच नाव कसं चालेल?

जुना मास्तर: आजीला चूक म्हणू नका. 1790 मध्ये लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं त्यात 'चीला' आहे. चीला म्हणजे हिंदीतली चील, संस्कृतातला चिल्ल. घारच! शिवाय मोरघारही गरुडच आहे, तिचं नाव कुणी बदललं नाही.

रानमेवा: मग नुसतं 'सापमार' म्हणा की.

जुना मास्तर: नको. सापमार माळावरचा, वेगळा. तो एका जागी पंख मारत हवेत थांबतो, याच्यासारखा फांदीवर दबा धरून बसत नाही.

शब्दवेडी: आता पुढचं वाक्य अडलंय. 'मादी एकच अंडं घालते व तीच उबवते.' खाली चित्राला ओळ हवी. 'घरट्यात बसलेला गरुड' लिहू? बसलीय मादी.

पाटाकडचा: 'घरट्यात बसलेली घार'. बघा, मराठीत नीट बसतं.

जुना मास्तर: 'गरुडमादी' लिहा, ताई. गरुडी नको, ती गारुड्याची विद्या.

रानमेवा: गारुडी गरुडावरूनच आला ना? सापाचा मंत्र तो गारुड मंत्र.